दोघींचा बीटा

आमच्या घरात एकाच महिन्यात दोघींना दिवस गेले, मला आणि माझ्या थोरल्या जावेला. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. ताईच्या लग्नाला दहा वर्षं उलटून गेली होती, आणि त्या वर्षांत तिचे नागपूरचे, भंडाऱ्याचे, कुणीकुणी सांगितलेले सगळे डॉक्टर पाहून झाले होते. मला मात्र इतक्यात नकोच होतं. बी.एड.ला प्रवेश घ्यायचं माझं ठरलं होतं.

आमचं गाव मोहाडीजवळ. घरी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांचं काम. समोरच्या खोलीत माग, त्यावर माझे भासरे बसायचे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मी त्यांना दादा म्हणते. साड्या विकायचं कामही तेच पाहायचे. माझे मिस्टर वरठीच्या पोलाद कारखान्यात, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन. सासरे नाहीत. सासूबाई आणि आम्ही दोन जोडपी. मी बी.एस्सी. झालेली, मोहाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून घरात इंग्रजीत काहीही आलं की ते माझ्या हातात यायचं.

घरच्या तपासणीत दोन रेघा दिसल्या त्या दिवशी मी सगळ्यांत आधी ताईला घाबरले. मिस्टर म्हणाले, "थोडे दिवस कोनाले सांगू नोको. ताईले कसं वाटन?" मलाही तेच वाटत होतं. पण एका घरात राहून ताईपासून काही लपवणं मला कधी जमलं नाही. दुपारी ती लाखोरीची पालेभाजी निवडत बसली होती. मी शेजारी बसले, दोन-चार काड्या निवडल्या आणि सांगून टाकलं.

ताई काड्या निवडतच राहिली. मग भाजीकडे बघतच म्हणाली, "मले बी आठ दिवस वर गेले. तपासलं. मी अजून तुह्या दादालेच सांगितलं. बाकी कोनाले नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले, आणि ती हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला क्वचितच पाहिलं होतं. आम्ही दोघी तिथंच बसून हसलो. सासूबाई मागच्या अंगणातून आल्या आणि विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं.

पुढच्याच आठवड्यात मला थोडं रक्त दिसलं. मी घाबरले, ताई माझ्याहून जास्त घाबरली. दादांनी आम्हा दोघींना भंडाऱ्याला नेलं. ताईचा इलाज जिथं चालू होता त्याच डॉक्टरबाईंकडे. त्यांनी दोघींचंही रक्त तपासायला सांगितलं. ताईचं, लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिले म्हणून. माझं, रक्तस्राव झाला म्हणून. इतक्या लवकर सोनोग्राफीत नीट काही दिसत नाही, त्या म्हणाल्या. पण गर्भ रुजला की वार तयार व्हायला लागते, आणि त्या वारेतून एक संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं. त्याचा आकडा दोन-तीन दिवसांत दुपटीच्या जवळपास वाढला तर समजायचं, आत सगळं बरं चाललंय. कमी वाढला किंवा उतरला तर काळजी.

लॅबवाले त्या तपासणीला नुसतं 'बीटा' म्हणायचे. सासूबाईंना ते 'बेटा' असं ऐकू आलं. पहिल्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "बेटा आला का?" आम्ही हसलो, त्यांना समजावलं, पण त्या पुढेही तसंच म्हणत राहिल्या. नंतर मात्र तो शब्द ताईच्या कानावर पडू नये म्हणून मी धडपडायचे.

रिपोर्ट मोबाईलवर यायचे. ताईचा फोन जुना, त्यावर फाईल उघडायची नाही, म्हणून लॅबमध्ये तिनं माझाच नंबर दिला होता. माझा दुसरा रिपोर्ट शुक्रवारी आला. आकडा हजारांत होता आणि पहिल्याच्या दुपटीहून थोडा जास्त. मी देवाला हात जोडले. ताईचा आला शनिवारी संध्याकाळी. मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. पुन्हा अंक मोजले. आकडा लाखांत होता.

डॉक्टरबाई दोन दिवस बाहेरगावी होत्या. मी फोनवर शोधलं, आकडा एवढा मोठा कशामुळं असू शकतो. वरच लिहिलं होतं, जुळं असल्यास. तेवढं वाचून मी फोन खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, जुळं असेल बहुतेक."

कुणी मला विचारलं नव्हतं, "तुले पक्कं माहीत आहे का?" मीच विज्ञानवाली. मी म्हटलं म्हणजे झालं.

सासूबाई रडायला लागल्या. दादा मागावरून उठले, बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. ताई म्हणत राहिली, "अवं, डाक्टरले तं दाखवू द्या," पण तिचाही चेहरा लपत नव्हता. तिला तेव्हा उलट्यांनी बेजार केलं होतं. पाणीसुद्धा टिकत नव्हतं. सासूबाई तिची पाठ चोळत म्हणायच्या, "दोघं हायेत ना, म्हनून होते बाप्पा. सहन कर." रविवारी दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला ठाऊक झालं होतं.

त्या दोन दिवसांत माझा आकडा कुणी विचारला नाही. माझं रक्त थांबलं की नाही, हेही नाही. सासूबाईंनी ताईसाठी पेज केली, तिची खाट वाऱ्याच्या जागी हलवली, आणि मी आपली भांडी घासत होते. मी मिस्टरांपाशी कुरकुर केली. ते म्हणाले, "तिनं दहा साल वाट पाह्यली. दोन दिवस तिचे असू दे ना." मी परत भांड्यांकडे वळले. पण मनात आलं ते आलंच: तिलाही एकच असतं तर काय बिघडलं असतं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी ताईचा रिपोर्ट पाहिला. मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "उलट्या फार होतात का?" एवढंच विचारलं आणि दोघींनाही लगेच सोनोग्राफीला घेतलं.

माझी आधी झाली. पडद्यावर एक बारीकसा ठिपका लुकलुकत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे ठोके." ताई माझ्या उशाशी उभी होती. तिनं माझा हात दाबला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून कपडे सारखे केले आणि त्याच टेबलावर ती झोपली. टेबलावरची चादरही बदलली नव्हती, माझीच होती.

तिच्या वेळेला पडद्यावर ठिपका नव्हता. सगळीकडे बारीक बारीक पांढरे-काळे फुगे, जाळीसारखे. डॉक्टरबाईंनी बराच वेळ यंत्र फिरवलं. ताईनं विचारलं, "दोन हायेत ना?"

डॉक्टरबाईंनी हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. "बाळ नाहीये," त्या म्हणाल्या. "कधी कधी असं होतं. गर्भ धरतो, पण त्यात बाळ तयारच होत नाही. नुसती वार वाढत जाते, फोड फोड होऊन, द्राक्षांच्या घडासारखी. याला द्राक्षगर्भ म्हणतात. ती वार खूप वाढली, म्हणून तुमचा आकडा इतका आला."

"लहान असन," ताई म्हणाली. "दिसत नसन अजून."

"नाहीये, ताई."

तिनं पदर पोटावर ओढून घेतला. मग विचारलं, "मंग मले उलट्या कायच्या होऊन राहिल्या?"

"त्याच संप्रेरकाच्या. शरीराला वाटतंय, बाळ आहे."

डॉक्टरबाईंनी तिला नीट, हळूहळू सांगितलं. हे काढून टाकावं लागेल, उद्याच. यात तिची काही चूक नाही. खाण्यानं, काम केल्यानं, कशानंच हे होत नाही. बीज एकत्र येतानाच गडबड झालेली असते. ताई मान हलवत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात माझाच आवाज येत होता, ताई, जुळं असेल बहुतेक.

बाहेर दादांना मीच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तं जुळं नोहोय?" मी म्हटलं, "नाही दादा." ते म्हणाले, "बरं," आणि चहाच्या टपरीकडे निघून गेले. चहा न घेताच परत आले.

दुसऱ्या दिवशी ते काढलं. ताईचं माहेर पवनीकडचं. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता सगळे पुनर्वसनात राहतात. तिची आई तिथून आली, दोन दिवस तिच्याजवळ राहिली. जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू सांभाळून राह्य बाई." मला वाटलं, तिनं मला चार शब्द सुनावायला हवे होते.

खरी गोष्ट इथून पुढेच सुरू झाली. ते काढलं म्हणून संपलं नव्हतं. वारेचा एखादा कण आत राहिला तर तो पुन्हा वाढू शकतो, म्हणून तो आकडा पार जाईपर्यंत ताईचं रक्त दर आठवड्याला तपासायचं होतं. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने दिवस राहू द्यायचे नव्हते. नाहीतर आकडा वाढला तो कशानं, ते कळणार नाही. दादांनी हे मला गाडीजवळ उभं राहून पुन्हा विचारून घेतलं. "म्हंजे आता तो आकडा कमी व्हाले पाह्यजे?"

"हो दादा. जितका कमी, तितकं चांगलं."

"अना तुह्यावाला वाढाले पाह्यजे."

"हो."

माझी ती तपासणी पुढे करावी लागली नाही. ठोके दिसल्यावर त्या आकड्याची गरज उरली नव्हती. ताई मात्र सोमवारी सोमवारी भंडाऱ्याला जायची. सुरुवातीला मी शाळेतून रजा काढून तिच्यासोबत जायचे. उन्हाळा लागला होता. लॅबच्या बाकावर पोटुशा बायका बसलेल्या असायच्या आणि नवीन आलेली एखादी ताईला विचारायची, "तुमचा कितवा महिना?" ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "इचा. मी सोबत आली." मग तिचंच नाव पुकारलं जायचं आणि ती उठून रक्त द्यायला आत जायची.

रिपोर्ट संध्याकाळी माझ्याच फोनवर. लाखांतून हजारांवर आला, मग शेकड्यांवर. ती बातमी चांगली होती, पण ती कोणत्या आवाजात सांगायची, ते मला कधी कळलं नाही. आनंदानं म्हणावं तर कसं? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायचे, "ताई, उतरला." ती म्हणायची, "बरं झालं," आणि हातातलं काम चालू ठेवायची.

एकदा ती रहाटावर मागासाठी धाग्याच्या कांड्या भरत बसली होती. मी सांगितलं तसा रहाट थांबवून तिनं विचारलं, "तो आकडा म्हंजे तेच ना? जे होतं ते?"

"म्हणजे?"

"काहीतरी तं होतं ना पोटात. बाळ नसन, पन काहीतरी होतं. आता ते बी चाललं."

मी जरा वेळ तिच्याजवळ बसले. मग मला मळमळायला लागलं म्हणून उठून गेले, आणि उलटी करताना आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला.

माझं पोट दिसायला लागलं तसतशी मी आक्रसत गेले. मोठी ओढणी घ्यायचे. सासूबाईंनी काही खास केलं तर भूक नाही म्हणायचे. मिस्टरांनी आंबे आणले की आधी ताईच्या पानात वाढायचे, मग माझ्या, आणि माझ्यातले उचलून परत तिच्या. बाळ पहिल्यांदा हललं ते शाळेत, तासावर असताना. घरी येऊन मिस्टरांनाही मी दोन दिवसांनी सांगितलं. आनंद झाला की लगेच मागोमाग वाटायचं, हा चोरलेला आहे. मी कुणाचं काही घेतलं नव्हतं, हे मला कळत होतं. घेतलं असतं तर परत देता आलं असतं, माफी तरी मागता आली असती.

जूनमध्ये ताईचा आकडा थांबला. एका आठवड्यात उतरला नाही. पुढच्या आठवड्यात तोच. त्याच्या पुढच्या आठवड्यात थोडा चढला. डॉक्टरबाईंनी नागपूरला पाठवलं. तिथं सांगितलं, वारेचे कण आत रुजून बसलेत, आता इंजेक्शनं द्यावी लागतील, कॅन्सरला देतात त्या जातीची. तिथले डॉक्टर म्हणाले की हे बहुतेक वेळा औषधानं पूर्ण बरं होतं, पुढे मूलही होऊ शकतं. पण घरात पोचेपर्यंत त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द उरला होता.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला मागच्या अंगणात बोलावलं. आवाज खाली करून म्हणाल्या, "तू तिच्यापाशी जास्त नोको बसू आता. तुह्या पोटात लेकरू हाये."

मी म्हटलं, "आई, हे असं लागत नसते कोनाले."

"मले मालूम हाये. तरी बी."

हे लागत नाही हे मला माहीत होतं, मी नववीच्या पोरांना संसर्गाचे धडे शिकवत होते. आणि तरीही पुढचे दोन दिवस मी ताईच्या खोलीत गेले नाही. सासूबाईंच्या धाकानं नाही. मीच घाबरले होते, कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. बाहेरूनच विचारायचे, "ताई, चहा ठेवू का?" आणि चहा सासूबाईंच्या हाती पाठवायचे. तिसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली आणि मी गेले. तिनं जागा करून दिली, नेहमीसारखं बोलली. मला वाटलं, तिच्या ध्यानात आलं नसावं.

इंजेक्शनांनी तिचं तोंड आलं होतं. तिखट सोडा, कोमट वरणसुद्धा झोंबायचं. मी तिच्यासाठी दहीभात कालवायचे, कधी पातळ लापशी. ती खायची, पण माझ्याकडे न बघता.

ऑगस्टमध्ये सासूबाईंनी माझ्या सातव्या महिन्याच्या ओटीभरणाची गोष्ट काढली. माझं माहेर कारध्याचं, तिथून आईचे फोन यायला लागले होते, हिरवी साडी घेऊन ठेवली म्हणून. मी म्हटलं, मला नको. मला असलं काही आवडत नाही. सासूबाई चिडल्या, आई फोनवर रडली, मिस्टरांनी समजावलं. मी ऐकलं नाही. मला मनातून वाटत होतं, निदान एवढं तरी मी ताईसाठी करतेय.

ती त्याच दिवशी नागपूरहून इंजेक्शन घेऊन आली होती. तिनं मला बोलावून घेतलं. खाटेवर पडूनच होती. ओठ सोललेले, म्हणून हळू बोलत होती.

"ओटी काहून नाही म्हनली?"

"मले नाही आवडत ताई असलं."

"खोटं नोको बोलू."

मी तिच्या पायावरची चादर सारखी करायला लागले.

"तू खात नाहीस, हासत नाहीस, पोट झाकून चालतेस. सारे तुले पाह्यतेत, अना मंग मले पाह्यतेत. का इच्यामुळं ते बिचारी अशी झाली. मी माहं दुखनं काढू, का तुले समजावत बसू? माह्यात तेवढी ताकद नाही सध्या."

"तुमाले त्रास नोको म्हनून..."

"त्रास होते. नाही कसा होईन? तुह्यं पोट पाह्यलं का होते. पन तो माहा हाये. त्यात तू कायले हात घालतेस?"

मला रडू यायला लागलं. तिनं मला उगी म्हटलं नाही. मग म्हणाली, "अना दोन दिवस तू माह्यापाशी आली नाही, ते मले समजलं होतं."

"आई म्हनाल्या होत्या..."

"आई म्हनल्या ते बी समजलं. तू आली नाही ते बी समजलं."

मी म्हटलं, "चुकलं माहं, ताई."

"हो," ती म्हणाली. 'जाऊ दे' नाही म्हणाली. पाण्याचा गिलास मागितला. मी दिला. दोन घोट घेऊन तो माझ्या हातात परत देत म्हणाली, "ओटी भरून घे. मी राह्यनार नाही. मले ते पाहून होनार नाही. पन तू घे."

तिनं दादांना सांगून नागपूरची पुढची तारीख आणि ओटीभरणाची तारीख एकच करून घेतली. हिरवी साडी नेसून मी पाटावर बसले. बायका माझ्या ओटीत खोबरं, तांदूळ, फळं घालत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि मी मनात हिशेब करत होते, आता ती मौद्यापर्यंत पोचली असेल, आता नागपूर आलं असेल, आता सुई टोचत असतील. एक म्हातारी म्हणाली, "हास ना वं पोरी, फोटो काढून राहिले." मी हसले. तो फोटो मिस्टरांच्या फोनमध्ये आहे. त्यात मी खरंच आनंदी दिसते, आणि तो पाहिला की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

त्यानंतर मी ओढणी बाजूला ठेवली. भूक लागली की जेवायला लागले. ताईसमोर पोट झाकायचं बंद केलं. ते सोपं नव्हतं. झाकणं सोपं होतं.

ऑक्टोबरमध्ये भंडाऱ्यात मला मुलगी झाली. सुखरूप झाली. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाजायचा प्रयत्न करत होते, तिला काही जमत नव्हतं, आणि फोन वाजला. ताईचा रिपोर्ट. मागचे काही आठवडे आकडा पुन्हा उतरत होता, ते मला माहीत होतं. या वेळी तिथं आकडाच नव्हता. अमुक एकाहून कमी, एवढंच लिहिलं होतं. त्या खाली त्यांचं यंत्र मोजत नाही.

मी तिला फोन लावला. मागे मागाचा खट खट आवाज येत होता.

"ताई, रिपोर्ट आला."

"किती?"

"एकाच्याही खाली. म्हंजे नाहीच."

"काहीच नाही राह्यलं?"

"काहीच नाही."

मागाचा आवाज थांबला. दादाही ऐकत असावेत. मग तिनं विचारलं, "पोट्टी दूध पेते का?"

"नाही ना. तोंडच लावत नाही."

"लावन. झोपू देजो पोटभर, मंग घेजो. घाई नोको करू."

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, मुलगी झाली म्हणून. ती मला समजावायला लागली की आजकाल मुलीच विचारतात आईबापाला. मी तिला काही सांगितलं नाही.

पक्कं करण्यासाठी ताईला आणखी इंजेक्शनं घ्यावी लागली आणि महिन्या-महिन्याच्या तपासण्या वर्षभर चालल्या. आकडा परत आला नाही. माझी मुलगी रांगायला लागली, ताईच्या खोलीत जाऊन रिळं विस्कटायला लागली. ताई तिला रागवायची, उचलायची, कधी नुसतं दार लोटून घ्यायची. दार लोटलेलं दिसलं की मी मुलीला आमच्या खोलीत न्यायचे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी दादांनी भंडाऱ्यात साड्यांचं दुकान टाकलं आणि ते दोघं तिकडे राहायला गेले. रोजचं येणं-जाणं परवडत नव्हतं, गिऱ्हाईक संध्याकाळीच जास्त असतं, हे सगळं खरं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दुकानासाठीच गेले." मीही तसंच म्हणते, कुणी विचारलं तर. ताईला एकदा मी विचारायला गेले होते, खरं कारण काय म्हणून. तोंडापर्यंत आलं, मग विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला मला पुन्हा समजवावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दुकानाच्या मागे दोन खोल्या. ताईनं भात, वरण, वांग्याची भाजी केली होती. मुलगी जेवता जेवता तिच्या मांडीवर झोपली आणि ताईनं तिला तशीच राहू दिलं, एका हातानं जेवत राहिली. मी घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. उठन मंग."

थोड्या वेळानं म्हणाली, "डाक्टर म्हनते, आता चालते. काही भेव नाही."

"मग?"

"मंग काय. आमचं ठरून राह्यलं."

मला विचारायचं होतं, काय ठरतंय, कधी ठरतंय, तिला भीती वाटते का. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठरलं का सांगीन. नाही ठरलं तरी सांगीन. तू तिकडं बसून उगाच विचार नोको करू."

मी "बरं" म्हटलं. भांडी मी घासली, तिनं घासू दिली. मुलगी उठल्यावर आम्ही बस पकडली. वरठीच्या फाटकावर बस बराच वेळ थांबली होती. मुलगी खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत होती, मध्येच चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तिला जवळ ओढून मी तिच्या केसांचा वास घेतला. मग शेजारी कुणी बघतंय का, ते पाहिलं.